चिमटे पुरे, बॅटरीचे बोला

संपादक महोदय,

२०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला, तेव्हा सॅमसंगने जाहिरातीतून अ‍ॅपलला चिमटा काढला. २०२१ च्या गॅलॅक्सी एस२१ मध्ये त्यांनीही तो वगळला. हेडफोन जॅकचेही तेच!

घरोघरच्या हरहुन्नरी बाबांचे मला याहून कौतुक वाटते. पंखा मंदावला की ते मेन स्विच बंद करून पाते हाताने फिरवून पाहतात. अडखळले तर बेअरिंग गेलेले; मोकळे फिरले तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा भाग, गेलेला. त्यावर क्षमता २.५ मायक्रोफॅरड लिहिली असेल तर नवा तेवढाच आणतात, जुन्यातला विद्युतभार उतरवून मगच वायरी सोडवतात. फोनची बॅटरी मात्र डिंकाने चिकटवलेली. उचकटताना वाकली तर पेटू शकते. फोन कंपन्यांनो, ती सुरक्षितपणे बदलता येईल असा फोन बनवा आणि त्याची जाहिरात करा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे