पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: गाड्या पुळणीच्या अलीकडेच थांबवा

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मुरूडला जाऊन आलो. जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोली तालुक्यातलं. महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं ते. बऱ्याच वर्षांनी गेलो. दुर्गादेवीचं देऊळ, चिऱ्यांच्या पाखाड्या, सगळं आपापल्या जागी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला वर्षं लागतात, आणि तोवर घर चालवायला पाहुण्यांना दिलेल्या खोल्याच कामी येतात. तेव्हा पर्यटक नकोत असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. मीही पर्यटकच.

तक्रार एकच आहे: पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाड्या उतरतात.

ओहोटीला ओली वाळू टणक होते, आणि शहरातून आलेल्याला तो रस्ताच वाटतो. मग पाण्याच्या कडेने गाडी गरागरा फिरवायची, दुसऱ्याने मोबाइलवर टिपायचं. भरती लागली की चाकाखालची वाळू सुटते आणि मंडळी ट्रॅक्टर शोधत गावात. ट्रॅक्टरवाल्याला चार पैसे मिळतात, एवढाच काय तो फायदा. वाळूत किल्ला करणाऱ्या पोरांवरची नजर मात्र आईबापांना क्षणभरही हलवता येत नाही.

नुकसान त्याहून मोठं आहे. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात, ती साधारण नोव्हेंबरपासूनच. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि परत जाते. कासवमित्र पहाटे तिच्या सरपटण्याचा माग काढत घरटं शोधतो आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे उबवणी केंद्रात, हलवतो. त्या मागावरून चार गाड्या गेल्या की त्याला शोधायला काही उरतच नाही. अंडी तिथेच राहतात, चाकांखाली नाहीतर कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वाघाच्या जंगलात कोणी अशी गाडी घालू धजेल का?

फलक लावून हे थांबत नाही. फलकाला टेकवून गाडी उभी केलेलीही मी पाहिली. गाडी किनाऱ्यावर वाटेनेच उतरते, आणि सुरूच्या बनातून, वाड्यांच्या मधून येणाऱ्या अशा वाटा मोजक्याच असतात. तिथे चिऱ्याचे खांब रोवा. माणूस जाईल, मोटार जाणार नाही. होड्या ओढायची आणि मासळीची वाट मच्छीमारांना विचारून मोकळी ठेवा. वाहनतळ गावाच्या अलीकडे करा, त्याचं शुल्क ग्रामपंचायतीकडे जाऊ द्या, आणि त्यातूनच गावातल्या पोरांना जीवरक्षक म्हणून हंगामभर पगार द्या. दंडाचं काम मात्र पोलिसांचं. पाहुण्याला खोली देणाऱ्यानेच त्याची पावती फाडावी, ही अपेक्षा बरोबर नाही.

२०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. हर्णै मुरूडच्या शेजारीच, म्हणजे इथली गर्दी वाढणार. त्या निमित्ताने किनाऱ्यासाठी निधी येईल, तेव्हा कमानी आणि सेल्फी पॉइंटच्या आधी हे खांब यादीत धरावेत. अंजर्ले, केळशी, कर्दे, लाडघर यांनाही हेच लागू आहे.

कळावे,
आपला,
मुरूडला पुन्हा येणारा एक पर्यटक