जूनचे पैसे कमी का आले

ग्लासगो,
रविवार, २० जुलै २०२५

ती. आई आणि पप्पांना,
सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी हे वाचा: मला काहीही झालेलं नाही. खरचटलंसुद्धा नाही. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेल्या शनिवारी बोलता बोलता ‘गाडीचं डॅमेज भरलं’ एवढं निघून गेलं आणि त्यानं घरी अपघात झाला म्हणून सांगितलं. आई, तू दोन दिवस नीट जेवली नाहीस असं वहिनी म्हणाली. फोनवर सांगायला घेतलं की तुला रडू येतं, पप्पा गप्प होतात आणि माझं निम्मं पोटातच राहतं. म्हणून पत्र. दादाला प्रिंट काढून आणायला सांगितलंय. पप्पा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आज्जीला वाचून दाखवताना पैशाचा भाग तेवढा वगळा.

ड्युटी, खोली, जेवण सगळं आहे तसंच आहे, त्याचं काही लिहीत नाही. मेतकूट अजून पुरतंय.

तर झालं असं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते. शनिवार धरून तीन दिवस मिळत होते, म्हणून आम्ही तिघी वॉर्डातल्या मैत्रिणी, मी, एक केरळची आणि एक परभणीची, स्काय नावाच्या बेटावर गेलो. बेट म्हटल्यावर घाबरू नका, १९९५ पासून तिथे पूल आहे, बोटीत बसावं लागत नाही. वाटेत ग्लेनकोची दरी लागते. डोंगरावरून इतकं पाणी उतरत होतं की मला आपली श्रावणातली आंबोलीच आठवली. रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा अंधारात गाडी चालवली असंही मनात आणू नका.

आत्या म्हणाली म्हणे, लायसन नसताना पोरीनं परमुलखात गाडी कशी नेली. आत्याला सांगा, लायसन आहे. आपलं लायसन इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. माझी मुदत सप्टेंबरात संपेल, मग इथली परीक्षा देईन. इथेही गाड्या डाव्या बाजूनंच चालतात. आणि मला गाडी कुणी शिकवलीय? एसटीत बत्तीस वर्षं काढलेल्या, विनाअपघात सेवेचा सत्कार झालेल्या ड्रायव्हरनं.

आता इथली एक पद्धत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, मलाही कळायला वेळ लागला.

इथे गाडी भाड्यानं घेताना विमा भाड्यातच असतो. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा, तर कायद्यानंच असते. शिवाय भाड्याच्या गाडीला धक्का लागला, गाडी चोरीला गेली, तर त्याचंही संरक्षण बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. ऐकायला वाटतं, झालं, काळजी मिटली. पण त्यात एक्सेस नावाची रक्कम असते. दादा, आपल्याकडे गॅरेजवाले जिला फाइल चार्ज म्हणतात, तीच. फरक एवढाच की आपल्याकडे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती एक हजार आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार असते, आणि माझ्या त्या छोट्या गाडीला ती होती १,२०० पौंड. म्हणजे जवळजवळ एक लाख अडतीस हजार रुपये. बाराशेच्या आतलं जे काही नुकसान होईल ते सगळं आपल्या खिशातून. आणि ओरखडा, पोचा, रिम घासणं हे सगळं बाराशेच्या आतच बसतं. थोडक्यात, ज्या गोष्टी खरोखर होतात त्यांचा विमा नसतो.

त्यातही टायर, काच, गाडीचं पोट आणि टप हे बऱ्याच करारात मुळातच वगळलेलं असतं. चुकीचं इंधन भरलं तर तेही आपल्याच माथी. इथे पंपावर भरून द्यायला कुणी नसतं, नळी आपणच धरायची. पेट्रोलची हिरवी, डिझेलची काळी. मी दोनदा वाचून मगच भरलं.

गाडी घ्यायला काउंटरवर उभं राहिलं की तिथला मुलगा विचारतो, दिवसाला २४ पौंड भरलेत तर एक्सेस शून्य करून देतो, करू का? मागे रांग असते, आपण बॅगा घेऊन उभे असतो, तो बाराशेचा आकडा पेनानं गोल करून दाखवतो. भीती वाटतेच. पण मी आदल्या आठवड्यात घरी बसून वेगळ्या विमा कंपनीकडून तेवढ्या एक्सेसचीच पॉलिसी घेतली होती, तीन दिवसांचे १४ पौंड. चौदाच्या जागी बहात्तर मी का द्यावेत? मी नाही म्हटलं, आणि माझ्या क्रेडिट कार्डावर अडीचशे पौंड अडकवून ठेवले. कापत नाहीत, नुसते अडवून धरतात, गाडी परत दिली की सोडतात. या वेगळ्या पॉलिसीत एक मेख असते. नुकसान झालं तर गाडीवाले आधी आपल्याकडून पैसे घेणार, आणि मग आपण कागद गोळा करून विमा कंपनीकडे मागायचे. मला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं.

आणि ओरखड्याचं काय सांगू! आपल्याकडे मारुती चौकात स्कूटर घासून गेली तर आपण एकदा मागे वळून बघतो, काहीतरी बोलतो आणि पुढे जातो. इथे ओरखड्याला भाव असतो. त्यांच्याकडे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर गोल आखलेले. गाडी परत आली की ती पट्टी ओरखड्यावर धरतात. गोलात मावला तर वापरानं झालेली झीज, बाहेर आला तर नुकसान. म्हणून गाडी ताब्यात घेताना एक कागद देतात, त्यावर गाडीचं चित्र असतं आणि आधीपासूनच्या खुणांवर फुल्या मारलेल्या असतात. ज्या खुणेवर फुली नाही ती खूण आपण केली, असा हिशेब. सही करण्याआधी गाडीभोवती फिरून प्रत्येक खूण त्या कागदावर चढवून घ्यायची असते. लोक घाईत सही करून निघतात.

पप्पा, मी घाई केली नाही. डेपोतून गाडी काढण्याआधी तुम्ही टॉमी घेऊन एक फेरी मारायचात, प्रत्येक टायरवर ठोका, वाकून खाली बघणं, मग मागची शिडी. लहानपणी डबा द्यायला आले की मी तुमच्या मागे मागे फिरायचे. तसाच फेरा मारला. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून चारही चाकं, काचा, वाकून पोट, आतला काटा सगळं घेतलं. सकाळचे ९ वाजून १२ मिनिटं. पाऊस पडत होता. डाव्या दाराचा ओरखडा मी कागदावर चढवून घेतला. मागच्या बंपरवर पाणी होतं, तिथलं मला दिसलं नाही.

आता माझी चूक. स्कायवर आतले रस्ते एकाच गाडीपुरते असतात. थोड्या थोड्या अंतरावर कडेला थांबायची जागा करून पाटी लावलेली असते. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला तिथून वाट द्यायची. मला ते जमायला लागलं होतं. रविवारी दुपारी समोरून एक राहायची व्हॅन आली, चांगली आपल्या मिनीबसएवढी. मी डावीकडच्या जागेत शिरले, जरा जास्तच आत. कर्रर्र असा आवाज आला. उतरून बघितलं तर कडेला गवतात एक दगड होता आणि पुढच्या डाव्या रिमच्या काठावर माझ्या करंगळीएवढी पांढरी रेघ. टायर ठीक, बाकी काही नाही. दोन मेंढ्या शेजारी चरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी मात्र थरथरत होते. लागलं म्हणून नाही, तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला म्हणून. आई, तुम्ही ज्याला अपघात म्हणताय तो हा एवढा.

सोमवारी परत आलो तर सुट्टीमुळे काउंटर बंद. किल्ली पेटीत टाकून जायचं होतं. अशा वेळी त्यांचा माणूस आपल्यामागे गाडी तपासतो आणि तोवर गाडीची जबाबदारी आपलीच असते. मी तिथेही फेरा मारून व्हिडिओ घेतला. ४ जूनला बिल आलं: रिमचे १३०, मागच्या बंपरचे २८०, आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून ४८. एकूण ४५८ पौंड, आणि कार्डातून गेलेसुद्धा.

रिम माझी होती, ती मी नाकारली नाही. पण बंपर? रात्री बसून पहिला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि पाण्याच्या थेंबांखाली तीच तिरकी रेघ दिसली, गाडी ताब्यात घेतानाची. त्याचं चित्र वेळेसकट पाठवलं. पहिलं उत्तर आलं की तुम्ही सही केलेल्या कागदावर ही खूण नाही. मी पुन्हा लिहिलं की व्हिडिओ बघा, नाहीतर मी तुमच्या संघटनेच्या तडजोड सेवेकडे जाते. ब्रिटनमधल्या भाडेगाडीवाल्यांची बीव्हीआरएलए म्हणून संघटना आहे, तिच्या सभासदांविरुद्धच्या अशा तक्रारी तिथे नेता येतात. तीन दिवसांत २८० परत केले. रिमचे १३० विमा कंपनीनं दिले, पण त्यासाठी भाड्याचा करार, दोन्ही वेळचे तपासणीचे कागद, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट असं सगळं मागितलं, आणि पैसे १४ जुलैला आले. कागदपत्रांचे ४८ पॉलिसीत बसत नव्हते, ते माझे गेले.

आई, आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. जूनमध्ये साठच्या जागी दहाच हजार पाठवले तेव्हा मी म्हणाले होते की इथे टॅक्स जास्त कापला. तो कापला नव्हता. घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे या बिलात गेले होते. तुझ्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि बोलले ती पैशाबद्दल. तू ‘असू दे बाळा, तू नीट जेव’ म्हणालीस, ते अजून कानात आहे.

स्लॅब पावसामुळे राहिला असं तुम्ही सगळे मला सांगता. यंदा पाऊस मे महिन्यातच आला हे खरं, पण सेंट्रिंगवाल्याला आगाऊ द्यायला पैसे नव्हते म्हणून तो दुसऱ्या कामावर गेला, हे मला वहिनीकडून कळलंय. तिला बोलू नका, मीच खोदून विचारलं. तुम्ही दोघं मला सांभाळून घेता आणि मी इकडे डोंगर बघायला जाते, हे मला रात्री टोचतं. वर एक खोली असती तर यंदा सामान वर चढवता आलं असतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आपली वॅगनार सांगलवाडीत दारात बुडाली आणि नुसती थर्ड पार्टी असल्यानं एक रुपया मिळाला नाही. पप्पांनी भंगारवाल्याला किल्ली दिली तेव्हा मी तिथे होते. म्हणूनच त्या काउंटरवर मी एकेक ओळ वाचत होते. दादा, तुझ्या गाडीची पॉलिसी ऑगस्टात संपते ना? फर्स्ट पार्टीच घे, आणि पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याचं वेगळं कव्हर मिळतं तेही घाल. हप्त्याचं मी बघते.

परत आलेले ४१० पौंड आजच पाठवलेत, ४७ हजारांच्या आसपास जमा होतील. नेहमीचे ऑगस्टचे वेगळे. आज्जीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं बिल मिरजेच्या दवाखान्यात दादानं भरलं, त्यातलं निम्मं माझ्याकडे लावा. तिला पट्टी सोडायच्या दिवशी मी पाहिजे होते.

तासगावच्या स्थळाचं. मुलाचा फोटो पाहिला, पत्रिका जमते हेही वाचलं. नाही म्हणू नका, आणि लगेच होही म्हणू नका. माझी इथली दोन वर्षं तरी काढायची आहेत, आणि त्यानं मला हे तोंडानं विचारावं असं वाटतं. रविवारी संध्याकाळी तुमच्या सहा वाजता फोन करू दे. पप्पा, माझ्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायची नाही असं तुम्ही म्हणालात. दिवाळीनंतर स्लॅबला पैसे कमी पडले तर ती मोडा, माझी काही हरकत नाही. लग्नाचं मी उभं करीन.

रोज कामाला निघताना कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विनला किती फूट आहे ते बघते. धोक्याची पातळी ४५ असली तरी तुम्ही तिथवर थांबू नका. ३५ झालं की कागदांची पेटी, आज्जी आणि गॅस एवढं घेऊन आत्याकडे विश्रामबागला जा. मला विचारायला थांबू नका, पोचलात की फक्त एक मिस्ड कॉल द्या.

तुमची,
सोनी

ता. क. आई, या पत्राचा राग आला असेल तर फोनवर राग. पण उचल.