बिल आलं म्हणजे पैसे गेले असं नाही

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

हिची तब्येत आता छान आहे. जिने चढते, जेवते, माझ्यावर ओरडते. म्हणजे सगळं पूर्ववत. अपेंडिक्सची काळजी आता सोडा. हे पत्र बिलाबद्दल आहे. ताईने तुम्हाला त्या बिलाचा फोटो दाखवला, बाबांनी ४६,३८० ला डॉलरच्या भावाने गुणलं आणि चाळीस लाखांच्या वर आकडा गेल्यावर एफडी मोडायच्या गोष्टी सुरू झाल्या, असं कळलं. बाबा, कृपा करून बँकेत जाऊ नका. आम्हाला खिशातून ५,३३० डॉलर भरायचे आहेत. तेही थोडे नाहीत, पावणेपाच लाखांच्या आसपास होतात. पण बाजूला ठेवलेल्या पैशांतून निघतील.

सेहेचाळीस हजारांचे पाच हजार कसे झाले, हे फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही मध्येच विचारता, "मग उरलेले कोण भरतं?" आणि माझं उत्तर तुम्हाला पटत नाही. म्हणून लिहून पाठवतो. पेन्सिल घेऊन बसा, ऑडिटमधल्या माणसाला यात मजा येईल. किंवा चीड येईल.

पहिली गोष्ट ही, की ४६,३८० हा हॉस्पिटलच्या स्वतःच्या दरपत्रकातला आकडा आहे. त्या दराने इन्शुरन्स कंपनी सहसा पैसे देत नाही. कंपनीचा आणि हॉस्पिटलचा आधीच करार झालेला असतो: अमुक तपासणीचे इतके, तमुक ऑपरेशनचे इतके. हे करारातले दर कंपनीगणिक वेगळे. त्याच हॉस्पिटलात, त्याच दिवशी, त्याच ऑपरेशनला दोन माणसांचे दर दोन. १ जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना हे दर वेबसाइटवर टाकावे लागतात. मी ती फाइल उघडून पाहिली. हजारो ओळी, आणि आपल्याला हवी ती ओळ शोधायची तर आधी तिचा कोड माहीत हवा. पोटात कळा येत असताना ते कोण करणार? जे ऑपरेशन आधी तारीख ठरवून करायचं असेल, त्याला मात्र तिचा उपयोग आहे.

ताईने फोटो काढला तो हॉस्पिटलचा कागद. त्यानंतर आठवडाभराने इन्शुरन्स कंपनीचा कागद येतो, त्याला इथे सगळे ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे कोणी किती भरायचे याचा खुलासा) म्हणतात. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'हे बिल नाही'. लोक तेवढंच वाचतात आणि फेकून देतात, पण सगळ्यात कामाचा कागद तोच. हॉस्पिटलने किती मागितले, करारानुसार किती मान्य झाले, कंपनी किती देणार आणि आपल्याकडे किती येतात, हे चार रकाने त्यावर असतात. हॉस्पिटलचं बिल आणि ईओबीचा चौथा रकाना यांचा आकडा जुळल्याशिवाय एक डॉलरही भरायचा नाही, एवढा एक नियम मी केला आहे.

आता तुमचा प्रश्न. हॉस्पिटलचं दुरुस्त बिल झालं ४१,१८० (दुरुस्त का, ते पुढे येतं). करारानुसार मान्य झाले १७,९००. मधले २३,२८० कोण भरतं? कोणीच नाही. हॉस्पिटल ते खोडून टाकतं. तुम्ही म्हणाल, मग लावले कशाला? मीही तेच म्हणतो. पण इन्शुरन्स नसलेल्या माणसाच्या हाती तोच मोठा आकडा पडतो, आणि त्याला तो खरा वाटतो. मला या सगळ्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात वाईट वाटतं.

आता १७,९०० ची वाटणी. हिच्या एकटीच्या पॉलिसीत वर्षाला २,००० डॉलरचं डिडक्टिबल आहे, म्हणजे तेवढा खर्च आधी आपला, मगच कंपनी हात सैल करते. त्यातले ६०० हिचे याच वर्षी आधीच्या तपासण्यांत गेले होते, राहिले १,४००. ते वजा जाता १६,५००. यातले वीस टक्के आपले, ऐंशी टक्के कंपनीचे. वीस टक्के म्हणजे ३,३००. एकूण हॉस्पिटलला आपले ४,७००, कंपनीचे १३,२००. करा बेरीज.

याच्यावर एक छत आहे. वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जावेत याची मर्यादा पॉलिसीत लिहिलेली असते; कायद्याने ती २०२५ साठी एका माणसाला ९,२०० डॉलरच्या वर नेता येत नाही. हिची ६,००० आहे. ती गाठली की नेटवर्कमधल्या (म्हणजे कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटल-डॉक्टरांच्या) उपचारांचे पुढचे पैसे कंपनीचे, डिसेंबर संपेपर्यंत. पगारातून दरमहा कापला जाणारा हप्ता मात्र यात धरत नाहीत, आणि नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडे हौसेने गेलात तर तेही नाही. हिचे या वर्षी ५,९३० झालेत (हे ५,३३० आणि आधीचे ६००). छताला सत्तर डॉलर कमी. म्हणून गुडघ्याचा जो एमआरआय ही दोन वर्षं ढकलत होती, तो आता नोव्हेंबरात करून घेणार आहे. जानेवारीत पाटी पुन्हा कोरी होते. इथे नोव्हेंबर-डिसेंबरात दवाखान्यांत गर्दी उसळते, त्यात अशी हिशेबी मंडळी बरीच असतात.

आता दुरुस्तीची गोष्ट. पहिलं बिल आलं ते एका पानाचं, त्यावर 'रेडिऑलॉजी', 'ऑपरेशन थिएटर', 'औषधं' असे ढोबळ आकडे. अशा बिलावरून काही कळत नाही. फोन करून ओळवार तपशिलाचं बिल मागितलं. मागितलं की देतात. मागितल्याशिवाय सहसा देत नाहीत. त्यात बऱ्याच ओळींना पाच आकडी कोड असतो. ४४९७० म्हणजे दुर्बिणीतून अपेंडिक्स काढणं. ९९२८५ म्हणजे इमर्जन्सीतली सर्वांत वरच्या पातळीची तपासणी. ही पातळी ९९२८१ पासून सुरू होते आणि एकेका पायरीने दर वाढतो. आणि ७४१७७ म्हणजे पोट आणि ओटीपोटाचा, शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. हा ७४१७७ एकाच तारखेला दोनदा लागला होता, दर वेळी ५,२०० डॉलर. स्कॅन एकच झाला, मी मशीनच्या खोलीबाहेर उभा होतो.

बिलिंगच्या बाई फोनवर अगदी गोड बोलल्या, पण म्हणाल्या, "सिस्टिममध्ये दोन दिसतायत." मग मी हिच्या नावाच्या पोर्टलवरून रेडिऑलॉजिस्टचा रिपोर्ट काढला. रिपोर्ट एकच, वेळ एकच. तो जोडून लेखी तक्रार दिली, हॉस्पिटलला आणि कंपनीलाही. थोड्या दिवसांनी दुरुस्त क्लेम गेला. मान्य रक्कम १९,८०० होती ती १७,९०० झाली, आणि आमच्या वाट्याचे ३८० डॉलर वाचले. सगळ्या पॉलिसींत असं वाचत नाही हेही खरं. काही करारांत ऑपरेशनचा एकच ठोक दर असतो, तिथे ओळी दोन असोत की दहा, फरक पडत नाही. पण ते पाहिल्याशिवाय कसं कळणार?

आई, तू विचारत होतीस की एकाच ऑपरेशनची इतकी पाकिटं का येतायत. हॉस्पिटलचं बिल म्हणजे जागा, यंत्रं, नर्स, औषधं. डॉक्टर मंडळी वेगळी. इमर्जन्सीतला डॉक्टर, सर्जन, भूलतज्ज्ञ, स्कॅन वाचणारा आणि काढलेलं अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा, सगळ्यांची आपापली बिलं. त्या सगळ्यांचे मिळून आमचे वीस टक्के झाले ६३० डॉलर. ४,७०० अधिक ६३०, आला ना ताळा?

यांतलं भूलतज्ज्ञाचं प्रकरण तेवढं सांगतो. हॉस्पिटल आमच्या नेटवर्कमधलं, सर्जन नेटवर्कमधला, पण त्या रात्री ड्यूटीवर असलेला भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा. त्याच्या ऑफिसने थेट २,७५० चं बिल धाडलं. भूल देण्याआधी बाईने उठून विचारायचं का, "तुम्ही कोणत्या नेटवर्कमध्ये?" पूर्वी अशा बिलांनी लोकांचे संसार कोलमडायचे. १ जानेवारी २०२२ पासून 'नो सर्प्रायझेस अॅक्ट' नावाचा कायदा लागू आहे. इमर्जन्सीत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात असा बाहेरचा डॉक्टर वाट्याला आला, तर नेटवर्कच्या हिशेबाने जेवढा आपला वाटा तेवढाच द्यायचा. उरलेल्यावरून डॉक्टर आणि कंपनी यांनी आपसांत भांडावं. ईओबीत आमचा वाटा १८० दाखवला होता. मी त्या ऑफिसला ईओबीची प्रत आणि कायद्याचं नाव, एवढंच चार ओळींत लिहून पाठवलं. नवं बिल १८० चं आलं. माफी वगैरे काही नाही, नुसता नवा कागद. या कायद्यात एक मोठं भोक आहे: हवाई अँब्युलन्स त्यात येते, रस्त्यावरची येत नाही.

भरणा कसा करतोय ते थोडक्यात. पगारातून कर न लागता औषधोपचारासाठी पैसे बाजूला ठेवायचं एक खातं असतं, एचएसए. विशिष्ट जास्त डिडक्टिबलवाल्या पॉलिसीबरोबरच ते मिळतं, आणि एका माणसाच्या पॉलिसीसाठी २०२५ ची मर्यादा ४,३०० आहे. त्यातले बरेचसे पैसे यात गेले. बाकीच्यांना हॉस्पिटलने बिनव्याजी हप्ते बांधून दिले. क्रेडिट कार्डावर टाकायचा सल्ला एका मित्राने दिला, तो मी ऐकला नाही. कार्डावर गेलं की ते साधं कर्ज होतं, मग बिलाचा वाद घालायला फारशी जागा उरत नाही आणि व्याज वेगळं. शिवाय घाईही नाही. थकलेलं वैद्यकीय बिल इथल्या तिन्ही मोठ्या क्रेडिट कंपन्या (माणसाची कर्जाची पत नोंदवणाऱ्या) वर्षभर नोंदवत नाहीत, आणि ५०० डॉलरच्या आतलं तर मुळीच नाही. या वर्षी जानेवारीत सरकारने सगळीच वैद्यकीय थकबाकी त्या नोंदींतून काढायचा नियम केला होता, तो जुलैत टेक्सासमधल्या कोर्टाने रद्द केला.

ताईचा धाकटा पुढल्या वर्षी शिकायला येणार म्हणतोय, त्याला एक गोष्ट नक्की सांगा. इथली पुष्कळशी हॉस्पिटलं ना-नफा तत्त्वावर चालतात, आणि करमाफी हवी असेल तर त्यांना कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. घरी गेल्यावर पहिलं बिल आलं की तिथून २४० दिवस अर्ज करता येतो. आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याचं निम्म्याहून जास्त बिल असं माफ झालं. अर्ज आपण मागायचा असतो. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याचा उल्लेख असतो. बिल भरता येत नाही म्हणून लाजून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. शेवटी ती वसुलीवाल्यांच्या हाती सापडतात.

आता तुमच्या उन्हाळ्यातल्या येण्याबद्दल. तुमचा इन्शुरन्स मी इथून काढणार आहे, तिथल्या एजंटला हो म्हणू नका. स्वस्तातल्या पॉलिसी बहुधा ठरावीक रकमेच्या असतात: हॉस्पिटलातल्या एका दिवसाचे इतके, ऑपरेशनचे इतके, बाकी तुमचं तुम्ही. इथले दर वर वाचलेतच, त्यापुढे त्या रकमा पुरत नाहीत. दुसऱ्या प्रकारात डिडक्टिबलनंतर टक्केवारीने आणि पुढे कमाल रकमेपर्यंत पैसे मिळतात. तीच घेऊ, महाग पडली तरी. खरी अडचण आहे आधीपासूनच्या आजारांची. बाबांचं बीपी आणि आईची साखर यांचे नेहमीचे उपचार या पॉलिसींत धरत नाहीत. अचानक काही उद्भवलं तरच, तेही अटी घालून. इमर्जन्सी विभागात तपासणी आणि जीव वाचवण्यापुरते उपचार पैशांवरून नाकारता येत नाहीत, १९८६ पासून तसा कायदा आहे. म्हणजे दारातून कोणी परत पाठवणार नाही. पण बिल मागाहून येतंच, म्हणून ही तयारी.

तर मला हे पाठवा: दोघांच्या औषधांची यादी, ब्रँडच्या नावाशेजारी आतल्या औषधाचं नावही, गेल्या वर्षभरातले रिपोर्ट, आणि आपल्या डॉक्टरांचं इंग्रजीत छोटं पत्र, काय आजार, कधीपासून आणि सध्या आटोक्यात आहे का. आजार लपवू नका. "बीपी काय, सगळ्यांनाच असतं" म्हणून बाबा ते गाळतील, आणि तेवढ्यावरून कंपनी क्लेम नाकारील. जन्मतारीख पासपोर्टवर आहे तीच लिहा. शाळेच्या दाखल्यावरची कोणती आणि आजीच्या मते कोणती, हा वाद तुम्ही आल्यावर घालू.

ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. ही तुम्हाला रविवारी फोन करील.

तुमचा,
बंडू