संग्रहालयाआधी घरांची डागडुजी

महोदय,

कारखाने बंद पडलेल्या शहरांच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की स्पेनमधील बिल्बाओचे उदाहरण हमखास दिले जाते. १९९७ साली तेथे गुगेनहाइम संग्रहालय उघडले आणि शहराचे नशीब पालटले, ही कथा सांगायला सोपी आहे. पण तेथील मेट्रो १९९५ मध्येच धावू लागली होती आणि सांडपाण्याने नासलेली नदी स्वच्छ करण्याचे काम त्याच्याही कितीतरी आधी सुरू झाले होते, हे सोयीस्करपणे गाळले जाते.

माझ्या मते खरा प्रश्न फोरमन, परिचारिका, शिक्षक यांसारखे पगारदार ज्या वस्त्यांत राहत आले, त्या वस्त्यांचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आली. माणसे गेली तरी रस्ते, जलवाहिन्या आणि पथदिवे तेवढेच राहिले, त्यांचा भार उरलेल्या करदात्यांवर पडला आणि अखेर २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वस्तीतील घराच्या दुरुस्तीला जेवढा खर्च येतो, तेवढी किंमत दुरुस्तीनंतरही बाजारात येत नाही. त्यामुळे बँक कर्ज देत नाही, कर्जाअभावी घर पडीक होते आणि त्या एका घरापायी शेजारच्या घरांचेही मोल उतरते. हप्ते फेडण्याची ऐपत असलेले कुटुंबही मग नाइलाजाने उपनगर गाठते. सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हवा तो खर्च आणि किंमत यांतील ही तूट भरून काढण्यासाठी, स्टेडियमच्या मालकांना करसवलत देण्यासाठी नव्हे.

मालकीचा गुंताही तितकाच महत्त्वाचा आहे. डेट्रॉइटच्या भूमी प्राधिकरणाने ओसाड भूखंड लगतच्या घरमालकांना अवघ्या १०० डॉलरला दिले. जर्मनीतील लायपझिगमध्ये २००४ पासून एका संस्थेने रिकाम्या इमारती राखणदारीच्या अटीवर वापरायला दिल्या. राहणाऱ्यांनी केवळ चालू खर्च भरायचा आणि वास्तू जपायची, मालकी मात्र मूळ मालकाचीच.

त्याच लायपझिगमध्ये आता रिकाम्या घरांऐवजी वाढत्या भाड्यांची तक्रार ऐकू येते. म्हणून दुरुस्तीसाठी अनुदान देतानाच भाडेवाढीवरील मर्यादा करारात नमूद करावी. एकदा भाव चढल्यावर कोणताही मालक ती अट स्वखुशीने मान्य करणार नाही.

आपला,
एक वाचक