सिंत्र्याला यायचं, पण वरच्या बुरुजावर नाही

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली आहेत. विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर आलं असतं, म्हणून विचारलं नाही. रागावू नका. तुम्हाला बघावंसं फार वाटतंय.

सिंत्र्याचा दिवस आखून ठेवलाय. पोर्तुगालची राजधानी लिस्बन, तिथल्या रोस्सिओ स्टेशनातून लोकलने चाळीसेक मिनिटं. पुढे बस थेट मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या, किल्ल्याशी सोडते. आठव्या-नवव्या शतकातला किल्ला. ११४७ मध्ये लिस्बन पोर्तुगीज राजाच्या हाती पडलं आणि इथल्या शिबंदीने न लढताच किल्ला त्याला दिला. बाबा, तुम्ही आधी पाण्याचं विचाराल: आत दगडी टाकं आहे. धान्यासाठी जमिनीत पेवंही खोदलेली आहेत, अगदी आजोळच्या वाड्यासारखी. आणि याच सिंत्र्यात, गोव्याच्या एका पोर्तुगीज गव्हर्नरच्या इस्टेटीत, सोमनाथहून आणलेला १२८७ चा संस्कृत शिलालेख आहे! जागा खाजगी आहे, पण रस्त्यावरून फाटक तरी दाखवीन.

आता ऐका. तटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, धुक्यात निसरड्या होतात. सगळ्यात वरच्या बुरुजावर तुम्ही चढायचं नाही. हे ठरलंय. मला पाठुंगळी घेऊन राजगडाचा पाली दरवाजा चढलेल्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते, पण डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले ते मीही ऐकलंय. वर छोटी जाईल आणि चर्या मोजून येईल. तिला शत्रू कुठून यायचा ते खालच्या तटावरून तुम्हीच समजावून सांगा, मला सांगायचात तसं. माझ्याने ते होत नाही.

आई, तुला चढायचं काहीच नाही. गावातल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्याला दोन पांढरी शंकूसारखी धुराडी आहेत, तेहतीस मीटर उंच. आत उभं राहून वर बघ, तुला आवडेल. बसायला बाक आहेत, चहा मी थर्मासमध्ये घेईन, आलं घालून. दुपारी घरचा दहीभात.

वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातसुद्धा. कानटोपी आणि तो तपकिरी स्वेटर आणाच. बाबांनी जुने चपटे बूट आणायचे नाहीत, नवे घ्या आणि आत्तापासून रोज घालून फिरा. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत टाकू नकोस, आई. लोणचं मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

तुमची,
बेबी