पाचव्यांदा घर लागणारच असं काही नसतं, हे मुलांना पाचवीतच कळू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहते, सातवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, घरीच, बहुतेक स्टेट बोर्डाची मराठी माध्यमाची मुलं. एकच मागणं आहे, संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडायची शक्यता किती ते मोजणं, दहावीपर्यंत अडकवून ठेवू नका, पाचवीपासून सुरू करा आणि ती मुलांच्या हातात नाणं देऊन.

आत्ता कसं होतं, दहावीचं गणित भाग 1, प्रकरण 5. तिथे पहिल्याच भेटीत नमुना अवकाश (काय काय होऊ शकतं त्याची पूर्ण यादी), घटना, सूत्र, सगळं एकदम. दोन फासे म्हटलं की 36, पत्ते म्हटलं की 52, पाठच. माझ्याकडच्या कितीतरी मुलींनी पत्त्यांचा कॅट कधी हातात धरलेला नाहीये, घरी चालत नाही, किलवर म्हणजे काय ते मला चित्र काढून दाखवावं लागतं, पण किलवरचा पत्ता येण्याची संभाव्यता 1/4 हे त्या बरोबर लिहितात. मार्क पडतात, कळलेलं काही नसतं.

आणि हे कळण्याची गरज आमच्या घराघरात आहे हो. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका कुटुंबाने सिडकोच्या घरांच्या लॉटरीत चार वेळा फॉर्म भरला, नाही लागलं, आणि आता त्यांची खात्री आहे की पाचव्यांदा लागणारच, इतके दिवस थांबलोय ना. समजा 100 घरं आणि 5000 अर्ज असले तर दर वेळी संधी 50 मध्ये 1, मागच्या चार सोडती त्या मशीनला माहीत पण नसतात. पाचही वेळा मिळून एकदा तरी घर लागायची शक्यता काढली तरी 100 मध्ये जेमतेम 10 येते. हा हिशोब माहीत असता तर दागिने मोडून डिपॉझिट तयार ठेवायची घाई त्यांनी केली नसती. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या गेम्सवर केंद्राने 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली, चांगलंच केलं, पण "आता माझा नंबर येणार" हे जे डोक्यात बसलेलं असतं ते कायद्याने कसं निघेल?

मागच्या मे महिन्यात मी सातवीच्या 12 मुलांना प्रत्येकी 20 वेळा नाणं उडवायला लावलं, वहीत छापा-काटा लिहायचं. एकाला फक्त 6 छापे आले, तो रडवेला होऊन म्हणाला टीचर माझं नाणं खराब आहे. मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र केले, 240 मध्ये 117 छापे. वर्ग एकदम शांत झाला. थोड्या वेळा केलं की आकडा हवा तसा भरकटतो, भरपूर वेळा केलं की निम्म्याजवळ येतो, हे याकोब बर्नोली या गणितज्ञाने सिद्ध केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर 1713 ला छापलं गेलं, पण माझ्या मुलांना ते त्या दुपारी स्वतः दिसलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीकडून फोडलेले चिंचोके घेऊन आली, चल्लस आठ खेळतात ते. चार फाकी टाकल्या की 16 प्रकारे पडू शकतात, त्यातल्या एकाच प्रकारात चारही पांढऱ्या. पण चिंचोका नाण्यासारखा दोन्हीकडून सारखा नसतो, मग 1/16 धरायचं की नाही? मुलं भांडायला लागली, आणि मग कुणी न सांगता 100 वेळा टाकून मोजत बसली. हे दहावीतसुद्धा होत नाही साहेब, तिथे वेळच नसतो.

नवीन अभ्यासक्रम एकेक इयत्ता करत येतोय, म्हणजे बदलायची वेळ हीच आहे. पाचवी-सहावीत आठवड्याला एक तास द्या, सूत्र नको, परीक्षा नको, नाणं, चिंचोके आणि वही. शिक्षकांना आधी स्वतः 100 वेळा टाकायला लावा, नुसतं पीपीटी दाखवलेलं ट्रेनिंग नको. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला आणि पाऊस पडला नाही की "यांचं नेहमी खोटंच" म्हणतात, त्यावरही याच तासाला बोलता येईल. जुलैमध्ये तर ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही शाळेत रोज धडा समोरच असतो.

मला बोलावलंत तर चिंचोके घेऊन येते, शिक्षकांना करून दाखवते, मानधन नको.

आपली,
गणित शिकवणारी एक बाई,
ऐरोली, नवी मुंबई