सोव्हिएत बॅज भंगारात देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांवरचा लेख वाचला, चांगला होता, पण जमवण्यासारखं अजून एक आपल्या खेड्यापाड्यात पेट्यांमधे पडून आहे म्हणून लिहितो. सोव्हिएत फौजेचे बॅज. सोव्हिएत युनियनकडून १९६३ मधे मिग-२१ लढाऊ विमान आलं, १९६७ मधे आयएनएस कलवरी पाणबुडी, त्या काळात आपली पोरं तिकडे ट्रेनिंगला गेली, विदर्भातलीही गेली, अन् तिकडच्या उस्तादानं नाहीतर जोडीदारानं दिलेला एखादा बॅज घेऊन आली.

शौर्याची मेडलं सगळ्यांना माहीत असतात. मला हे बॅज जास्त जवळचे वाटतात कारण माणूस कोणत्या कामात तयार होता ते हे सांगतात. १९४२ ला दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन लढाईत सोव्हिएत सरकारनं स्नायपर (लपून अचूक नेम मारणारा), मशीनगनवाला, टँकवाला यांच्यासाठी बॅज काढले, अन् १९४३ मधे आचारी, पाव भाजणारा अन् ड्रायव्हर यांच्यासाठीही! थंडीत गरम जेवण पोचवणाऱ्या आचाऱ्याच्या छातीवर सरकारी बॅज, मला तर हे फार मोठं वाटतं. लढाईनंतर क्लासचे, म्हणजे कामातला दर्जा सांगणारे बॅज आले, ढालीवर १, २, ३ असा आकडा, ते लाखोंनी बनले म्हणून आजही स्वस्त मिळतात, नवीन माणसानं तिथूनच सुरू करावं. पॅराशूटच्या बॅजला खाली लटकन असतं त्यावर उड्यांचा आकडा. आचाऱ्याचा लढाईतला बॅज मात्र दुर्मिळ, त्याच्या नकलाही भरपूर, ऑनलाइन फोटो पाहून पैसे पाठवू नका, मागचा स्क्रू, चकती, मिन्याचं (रंगीत मुलाम्याचं) काम हातात घेऊनच पाहा.

आता खरं सांगायचं ते. म्हातारा फौजी गेला की घरचे पितळ म्हणून भंगारवाल्याला देतात, नाहीतर चिंचेनं घासून चकचकीत करतात, मग मिना उडतो. बॅजसोबत एक छोटं कार्ड यायचं, ते तर पहिलेच चुलीत जातं. लढाईच्या काळातल्या बहुतेक बॅजवर नंबर नसतो, कार्ड गेलं की तो कोणाचा होता ते कायमचं गेलं. काहून असं करता? ज्यांच्या घरी आजोबा आहेत त्यांनी आजच विचारा, बॅज कोणी दिला, कुठे, कोणत्या साली, अन् कागदावर लिहून बॅजसोबतच ठेवा. तुम्ही पुरवणीत अशा घरांचे फोटो छापले तर लोकं पेट्या उघडतील.

एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा